अ‍ॅक्रिलिकचं प्लॅटर: आठ महिने वापरल्यावर

पेटीचा षड्ज हलतो. बाकी काहीही चालवून घेतलं असतं, हे नाही. माझ्या मशीनवर अ‍ॅक्रिलिकचं प्लॅटर, म्हणजे तबकडी ठेवायची फिरती थाळी, बसवलं होतं. चवथीच्या आरत्यांचं घरचं रेकॉर्डिंग पॉलीकार्बोनेट या प्लास्टिकच्या तबकडीवर कापलं, म्हणजे सुईने खाच कोरून रेकॉर्ड बनवली, लावून ऐकलं, तर पेटीचा धरलेला सूर वरखाली होतोय. घड्याळ लावून मोजलं: दर 1.8 सेकंदांनी. मिनिटाला 33⅓ फेरे या वेगाने एका फेऱ्याला एवढाच वेळ लागतो.

आधी मी वजनाला दोष देत होतो. ऐकण्याच्या टर्नटेबलवर सुई खाचेतून नुसती सरकते, इथे ती प्लास्टिक उकरते. आरतीतल्या घुमटावर (मातीचं तालवाद्य) थाप पडली की ओढ वाढते आणि हलकं प्लॅटर मंदावतं. 30 सेंटीमीटर व्यास, 25 मिलिमीटर जाडी धरली तर अ‍ॅक्रिलिक 2.1 किलो भरतं, अ‍ॅल्युमिनियम 4.8. हिशेब बरोबर, पण घुमटाची थाप काही प्रत्येक फेऱ्याला त्याच जागी पडत नाही.

मग डायल गेज, म्हणजे पृष्ठभागाचा बारीक चढउतार मोजायचं उपकरण, मागून आणला. थंड प्लॅटर ठीक होतं. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून वर हीट लॅम्प असतो. तो वीस मिनिटं चालल्यावर कडेला 0.3 मिलिमीटरचा फरक! अ‍ॅक्रिलिक तापलं की अ‍ॅल्युमिनियमच्या तिप्पट पसरतं आणि उष्णता खालपर्यंत जाऊ देत नाही, त्यामुळे वरची बाजू जास्त पसरते आणि कड वाकडी होते. खाच जेमतेम 30 मायक्रॉन खोल. कापणारी सुई धरणारं हेड चढउतार सांभाळतं, पण पूर्ण नाही. जिथे सुई खोल जाते तिथे ओढ जास्त, कापताना प्लॅटर मंदावतं, आणि ऐकताना तिथे सूर चढतो.

विकणाऱ्याने दिव्याचं कारण सांगून वॉरंटी नाकारली. घेतानाच मी फोनवर विचारलं होतं, रेकॉर्ड कापायला चालेल ना? "बिनधास्त घ्या." 9,500 रुपये गेले, अजून राग जात नाही. त्याआधीचं एमडीएफचं (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या बोर्डाचं) प्लॅटर जुलैच्या दमट हवेत फुगलं, म्हणून तर हे घेतलं होतं.

शेवटी गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लेथवर अ‍ॅल्युमिनियमचं करून घेतलं, मालासकट 6,200. बिडाचं मुद्दाम टाळलं, कारण याच मशीनवर मी ऐकतोही, आणि कार्ट्रिजमधलं (ऐकायच्या सुईच्या डबीतलं) चुंबक लोखंडाकडे ओढलं जातं. टर्नरला एकच विनंती केली: बोअर (मधलं भोक) आणि वरचा फेस (सपाट बाजू) एकाच सेटिंगमध्ये मारा, जॉब लेथवरून मध्येच काढू नका. डायलवर फरक फक्त 0.02 मिलिमीटर.

षड्ज स्थिर झाला. पण पहिल्याच तबकडीत खरखर वाढली, आणि दोन दिवस मला अ‍ॅक्रिलिकच बरं वाटत होतं. धातू तबकडीची ऊब शोषून घेत होता. आता लॅम्प अर्धा तास आधी लावून प्लॅटरच कोमट करतो, मग कापतो, खरखर गेली. बोटाने टिचकी मारली की घंटेसारखं वाजायचं, तेही खालून रबर चिकटवल्यावर थांबलं. पावसात मध्येच वीज गेली तर मात्र ती तबकडी वाया, आणि पुन्हा अर्धा तास लॅम्प.