कुठला सिग्नल कुणाचा? ओमनेट++ आणि आयनेट वापरणाऱ्यांसाठी

वायरलेस नेटवर्कचं सिम्युलेशन करायला घेतलं की एक प्रश्न पाठ सोडत नाही: समोर आलेलं हे पॅकेट (नेटवर्कमधून जाणारा माहितीचा गठ्ठा) नेमकं कुणाचं? चार-पाच नोड (नेटवर्कमधली यंत्रं) असले तर डोळ्यांनी कळतं. पण एकाच चॅनेलवर शंभर नोड बोलू लागले, काही पॅकेटं मधल्या नोडनी पुढे पाठवली, काही हरवली, काही पुन्हा पाठवली गेली, काहींचे तुकडे झाले, की पडद्यावर नुसती ठिपक्यांची धावपळ उरते. मी सेन्सर नेटवर्कच्या मॅक प्रोटोकॉलवर, म्हणजे एकाच चॅनेलवर कोणी कधी बोलायचं याच्या नियमांवर, काम करते. माझं अर्धं काम प्रोटोकॉल लिहिण्याचं असतं आणि उरलेलं अर्धं ही ओळख पटवण्याचं. त्यामुळे कुठलाही सिम्युलेटर हाती आला की मी आधी एवढंच बघते: संदेशाला माहिती चिकटवता येते का, आणि चिकटवलेली माहिती कुठवर टिकते.

या कसोटीवर ओमनेट++ हे सिम्युलेशन इंजिन आणि त्याच्यावर उभी असलेली आयनेट ही नेटवर्क मॉडेलांची लायब्ररी मला आजही सगळ्यात प्रामाणिक वाटते. ओमनेट++ आन्द्राश वर्गा यांनी बनवलं आणि ते 1997 पासून लोकांना उपलब्ध आहे. शैक्षणिक वापराला फुकट, व्यावसायिक वापरासाठी ओम्नेस्ट नावाची वेगळी आवृत्ती. ओमनेट++ला स्वतःला नेटवर्कमधलं काहीच कळत नाही. त्याला मॉड्यूल (सिम्युलेशनचे सुटे घटक), त्यांची गेटं (संदेश ये-जा करण्याची दारं) आणि त्यांतून जाणारे संदेश एवढंच ठाऊक. आयपी, टीसीपी, वायफाय, रेडिओ हे सगळं आयनेटमधून येतं. नव्या माणसाचा इथेच गोंधळ होतो, कारण ओळख पटवायची काही साधनं मूळ इंजिनात आहेत आणि काही आयनेटमध्ये.

मूळ इंजिनातली आधी सांगते. प्रत्येक संदेशाला नाव असतं, ‘काइंड’ नावाचा एक छोटा पूर्णांक असतो आणि स्वतःचा आयडी असतो. नाव हे माणसाने वाचायला आहे. तरी शिकाऊ कोडमध्ये ‘संदेशाचं नाव अमुक असेल तर हे कर’ अशा अटींची रांग लागलेली दिसते. असं करू नका. कुणी नाव बदललं की प्रोटोकॉल गप्प बसतो आणि त्रुटीही दाखवत नाही. काइंड त्यापेक्षा बरा. उणे आकडे इंजिनाने स्वतःसाठी राखले आहेत, बाकीचे आपले. शिवाय क्यूटीएन्व्ह या दृश्य खिडकीत काइंडनुसार ठिपक्यांचे रंग ठरवता येतात, म्हणजे डेटा कुठला आणि पोच कुठली हे नजरेला लगेच वेगळं दिसतं.

पण माझं आवडतं साधन आहे ट्री आयडी. संदेशाची प्रत काढली की प्रतीला नवा आयडी मिळतो, ट्री आयडी मात्र मूळ संदेशाचाच राहतो. मॅकने एक फ्रेम (मॅकच्या पातळीवरचं पॅकेट) जपून ठेवली, तिच्या प्रती पुन्हा पुन्हा पाठवल्या आणि त्यातली एक पोचली, तर ती कुठल्या मूळ फ्रेमची प्रत होती हे एका आकड्यावरून कळतं. पुनर्प्रेषण तपासताना याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही, आणि माहितीपुस्तकात त्याला जेमतेम जागा दिली आहे याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्याची मर्यादाही स्पष्ट आहे. टीसीपीने बाइट नव्याने गोळा करून दुसरं पॅकेट बनवलं, किंवा दोन पॅकेटांचं एक झालं, की ती वंशावळ तुटते.

तिथून पुढे आयनेटचे टॅग, म्हणजे पॅकेटला चिकटवलेल्या माहितीच्या चिठ्ठ्या. पूर्वी संदेशाबरोबर ‘कंट्रोल इन्फो’ नावाचा एकच ऑब्जेक्ट जोडता येत असे. नोडमध्ये एकावर एक असलेल्या प्रोटोकॉलच्या दोन थरांना दोन वेगळ्या गोष्टी सांगायच्या असल्या की अडचण व्हायची. आयनेट 4 पासून पॅकेटवर हवे तेवढे टॅग लावता येतात, प्रत्येक प्रकारचा एक. नावांची शिस्त मला फार आवडते. शेवटी ‘रेक’ असेल तर वरच्या थराने खालच्याला केलेली विनंती: या इंटरफेसमधून पाठव, एवढ्या शक्तीने पाठव. शेवटी ‘इंड’ असेल तर खालून वर आलेली खबर: या इंटरफेसवर आलं, सिग्नलची शक्ती एवढी होती, एसएनआयआर (सिग्नलचं व्यत्यय आणि गोंगाटाशी असलेलं गुणोत्तर) एवढा होता. आपला टॅगही सहज बनतो. एका .एमएसजी फाइलमध्ये चार ओळी लिहायच्या, बाकीचं सी++ कोड संदेश-कंपायलर तयार करतो.

आता ज्या नियमामुळे मी हे सॉफ्टवेअर सोडत नाही, तो सांगते. पॅकेटवरचा टॅग नोडच्या बाहेर जात नाही. रेडिओतून पॅकेट बाहेर पडताना प्रोटोकॉलची ओळख तेवढी राहते, बाकी टॅग पुसले जातात. पहिल्यांदा हे पाहणारा वैतागतो. मी पाठवणाऱ्याचा क्रमांक टॅगमध्ये लिहिला होता, तो घेणाऱ्याकडे का नाही? कारण खऱ्या हवेत तो जाणार नव्हता! रेडिओ लहरीला चिठ्ठी बांधता येत नाही. घेणाऱ्या नोडला जे कळायला हवं ते हेडरमध्ये (पॅकेटच्या सुरुवातीच्या माहितीच्या भागात) लिहावं लागतं, त्या हेडरचे बाइट हवेत वेळ खातात आणि त्या वेळेची बॅटरीही जाते. सिम्युलेटरने टॅग गुपचूप पलीकडे नेला असता, तर माझ्या प्रोटोकॉलला फुकटात माहिती मिळाली असती, निकाल सुंदर आले असते आणि खऱ्या हार्डवेअरवर ते टिकले नसते. ही चूक निकालांच्या आलेखात दिसत नाही, म्हणूनच ती घातक असते.

मग मोजमापासाठी काय? पॅकेट कधी जन्माला आलं, कुठल्या प्रवाहातलं होतं, हे शेवटच्या नोडवर हवंच असतं. त्यासाठी ‘रीजन टॅग’ आहेत. हे टॅग पॅकेटला चिकटत नाहीत, आतल्या डेटाच्या विशिष्ट तुकड्याला चिकटतात: अमुक बाइटपासून अमुक लांबीपर्यंत. तुकडे झाले, जोडले गेले, दुसऱ्या पॅकेटमध्ये गेले तरी टॅग आपापल्या बाइटांबरोबर जातात. तीन सेन्सरांची मोजमापं मधल्या नोडने एका पॅकेटमध्ये भरली, तर सिंकवर (सगळी मोजमापं जिथे जमा होतात त्या नोडवर) त्याच पॅकेटमध्ये तीन वेगवेगळे जन्मकाळ मिळतात आणि प्रत्येकाचा विलंब स्वतंत्र काढता येतो. हे पहिल्यांदा चालताना पाहिलं तेव्हा मला खरंच आनंद झाला होता. एक पथ्य मात्र पाळायला हवं. रीजन टॅग वाचण्यापासून प्रोटोकॉलच्या कोडला कुणी अडवत नाही. तो फक्त मोजणाऱ्या मॉड्यूलनेच वाचायचा, हे आपल्याला स्वतःवर बंधन घालून घ्यावं लागतं.

तुलनेसाठी एनएस-3 हा दुसरा नेटवर्क सिम्युलेटर. तिथेही दोन प्रकार आहेत, पॅकेट टॅग आणि बाइट टॅग, आणि कल्पना जवळची आहे. बाइट टॅग तुकड्यांबरोबर टिकतो, पण सुटा काढता येत नाही, काढायचे तर सगळेच पुसावे लागतात. पॅकेट टॅग काढता येतो, पण पॅकेटाला दुसरं पॅकेट जोडलं तर त्या दुसऱ्याचे टॅग बरोबर येत नाहीत. नवा टॅग लिहायचा तर किती बाइट लागतील, ते कसे लिहायचे, कसे वाचायचे हे सगळं हाताने लिहावं लागतं. सगळ्यात महत्त्वाचा फरक असा की तिथे काढून टाकला नाही तर टॅग चॅनेल ओलांडून पलीकडे पोचतो. काहींना ते सोयीचं वाटतं. मला ते धोक्याचं वाटतं. एनएस-3 मध्ये पॅकेटला आपोआप मिळणारा आयडीही आहे, पण पॅकेट मोजायला त्यावर विसंबू नका असं त्यांच्याच दस्तऐवजात लिहिलेलं आहे, आणि ते मोकळेपणाने लिहिलं आहे हे मला आवडलं. वेगाच्या आणि तयार मॉडेलांच्या बाबतीत एनएस-3 ला मी कमी लेखत नाही.

ओमनेट++मध्ये ‘सिग्नल’ म्हणजे आणखी एक गोष्ट असते: मॉड्यूलने ‘असं घडलं’ म्हणून दिलेली हाक. ही हाक मॉड्यूलच्या उतरंडीतून वर वर जाते आणि वाटेत ज्याने कान दिला असेल त्याला ऐकू येते. हाकेबरोबर मूल्य जातं, आणि शिवाय ‘डिटेल्स’ म्हणून एक ऑब्जेक्ट जोडता येतो. तो ऑब्जेक्ट बहुतेक जण रिकामाच ठेवतात. त्यात स्रोताचं नाव घाला आणि आकडेवारीच्या व्याख्येत ‘डीमक्स’ हा फिल्टर लावा. एकाच सिग्नलमधून प्रत्येक नावाचा वेगळा निकाल आपोआप नोंदवला जातो. शंभर स्रोतांसाठी शंभर सिग्नल जाहीर करायची गरज पडत नाही.

जिथे मन भरत नाही ती जागा म्हणजे भौतिक थर (रेडिओचा थर). पॅकेट बिघडलं हे कळतं, एसएनआयआर किती पडला हेही कळतं. पण ‘कुणामुळे बिघडलं’ याचं तयार उत्तर टॅगमध्ये मिळत नाही. माहिती आत सगळी आहे. व्यत्ययाच्या ऑब्जेक्टकडे आड आलेल्या रिसेप्शनची (घेणाऱ्याकडे पोचलेल्या इतर सिग्नलांची) यादी असते, प्रत्येक रिसेप्शनला त्याचं ट्रान्समिशन माहीत असतं आणि ट्रान्समिशनला त्याचा रेडिओ. पण तिथवर जायला स्वतःचं सी++ लिहावं लागतं. लपलेल्या नोडचा प्रश्न (एकमेकांना ऐकू न येणारे नोड एकाच वेळी बोलले की घेणाऱ्याकडे होणारी टक्कर) अभ्यासणाऱ्या प्रत्येकाला हे लागतं, तेव्हा ते तयार मिळायला हवं होतं.

दुसरी तक्रार आवृत्त्यांची. आयनेट 4 च्याच पुढच्या आवृत्त्यांत टॅग वाचणं आणि टॅग बदलणं यांची फंक्शनं वेगळी केली गेली. बदल योग्यच आहे, कारण प्रती आता तोच टॅग वाटून घेतात. पण जुनी उदाहरणं जशीच्या तशी उतरवली तर कंपाइल होत नाहीत. त्यामुळे उदाहरण कुठल्या आवृत्तीचं आहे ते आधी बघा. आणि नसलेला टॅग मागितला तर सिम्युलेशन तिथेच त्रुटी देऊन थांबतं. टॅग असेलच अशी खात्री असेल तिथेच ‘गेट’ हे फंक्शन वापरा, नाहीतर ‘फाइंड’ वापरून रिकामं उत्तर आलं का ते तपासा.

ज्यांना फक्त थ्रूपुटचा (सेकंदाला किती डेटा पोचला याचा) एक आकडा हवा आहे त्यांना हे सगळं जड वाटेल. प्रोटोकॉल स्वतः लिहिणाऱ्यांनी मात्र इथेच यावं असं मी म्हणेन. सुरुवात करताना क्यूटीएन्व्हमध्ये सिम्युलेशन थांबवा, एखादं पॅकेट उघडा आणि ते एका मॉड्यूलमधून दुसऱ्यात जाताना त्यावर कुठले टॅग चढतात आणि कुठले उतरतात ते एकेक पाऊल पुढे जात पाहा. नवा टॅग लिहायच्या आधी आयनेटच्या फोल्डरांतल्या .एमएसजी फाइली चाळा. हवा तो टॅग बऱ्याचदा तिथे आधीच लिहिलेला असतो.