मोटाउन की स्टॅक्स?

सोल, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या कलाकारांचं भावभरलं संगीत, ऐकायला सुरुवात करणाऱ्याला हा प्रश्न पडतोच. दोन्ही रेकॉर्ड कंपन्या एकाच काळातल्या, पण घडण अगदी वेगळी.

मोटाउन डेट्रॉइटची. बेरी गॉर्डीने १९५९ मध्ये घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन ती काढली. त्याआधी तो मोटारीच्या कारखान्यात राबला होता, आणि गाणीही त्याच शिस्तीत बनवू लागला: लिहिणारे वेगळे, वाजवणारे ठरलेले, शेवटी कडक तपासणी. गायकांना चालण्या-बोलण्याचेही धडे! गाणी गुळगुळीत, पहिल्या ओळीतच पकडणारी. पण नीट कान दिला तर खाली जेम्स जेमरसनचा बास काय काय करतो ते कळतं.

मेम्फिसच्या स्टॅक्सचा स्टुडिओ म्हणजे एक जुनं थिएटर, उतरती जमीन तशीच ठेवलेली. जिम स्टुअर्ट आणि एस्टेल अ‍ॅक्स्टन ही गोरी भावंडं मालक. खाऊच्या स्टॉलच्या जागी एस्टेलबाईंचं रेकॉर्डचं दुकान. पोरं काय ऐकतात ते तिथेच कळायचं. वर्णभेदाच्या त्या शहरात स्टुडिओतल्या बुकर टी. जोन्सच्या बँडमध्ये काळे-गोरे एकत्र वाजवत. चाली बऱ्याचदा तिथल्या तिथे सुचलेल्या, ट्रम्पेटसारखी ब्रास वाद्यं खणखणीत, आणि ओटिस रेडिंगचा आवाज कुठे कुठे फाटतो तसाच ठेवलेला.

व्यवहारात स्टॅक्स कच्ची. १९६७ च्या डिसेंबरात ओटिस विमान अपघातात गेला. पाठोपाठ कळलं, की करारानुसार जुन्या रेकॉर्डिंगची मालकी स्टॅक्सच्या रेकॉर्डी बाजारात नेणाऱ्या अटलांटिक कंपनीकडे आहे. १९७५ मध्ये स्टॅक्सचं दिवाळं निघालं.

नाचायला मोटाउन लावा. मी मात्र रात्री ओटिसकडेच वळतो.