अंदमानात पाहुणे आणि घरात दोन वर्षांचं पोर: घरी उतरवावं की गेस्ट हाउसवर, डिसेंबरात बोलवावं की मे महिन्यात?

अंदमानात बदली झाल्याची बातमी नातेवाइकांत पसरली की अभिनंदनाच्या प्रत्येक फोनचा शेवट एकाच वाक्याने होतो: "मग आम्ही कधी येऊ?" नाशिकला किंवा नागपूरला बदली झाली तर कोणी इतक्या उत्साहाने विचारत नाही. येणाऱ्यांना समुद्र बघायचा असतो, सेल्युलर जेल बघायचं असतं, आणि नातवंडाला कडेवर घ्यायचं असतं. तिन्ही इच्छा रास्त आहेत. पण एकाच आठवड्यात, एकाच घरातून तिन्ही पुऱ्या करायला गेलं की घरातलं सगळ्यात लहान माणूस आजारी पडतं आणि त्याच्या पाठोपाठ त्याची आई.

हा आढावा पोर्ट ब्लेअरमध्ये, म्हणजे २०२४ पासूनच्या श्री विजयपुरम्मध्ये, नोकरीनिमित्त राहणाऱ्या आणि घरात चालायला शिकलेलं पण ऐकायला न शिकलेलं मूल असलेल्यांसाठी आहे. बहुतेक जण खर्चापासून विचार सुरू करतात. माझ्या मते सुरुवात दोन गोष्टींपासून करावी: पाण्याची टाकी आणि मुलाची झोप.

घरी की गेस्ट हाउसवर

आधी टाकी. शहराचं पाणी मुख्यतः धनीखाडी धरणातून येतं आणि ते पावसावर भरतं. मार्चनंतर नळाला रोज पाणी येईल याची खात्री नसते. आता हिशेब करा. घरात आठ माणसं. समुद्रावरून खारट, वाळूने भरलेली परत येतात, म्हणून दिवसातून दोनदा अंघोळ. एका अंघोळीला वीस लिटरच्या दोन बादल्या धरल्या तरी दिवसाला ६४० लिटर नुसतं अंघोळीला गेलं. हजार लिटरच्या टाकीत उरलं काय? त्यात स्वयंपाक, भांडी, संडास आणि दिवसातून चार वेळा बदलायचे बाळाचे कपडे. पुण्या-मुंबईहून आलेल्या माणसाला हे सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि पाहुण्याला "जरा पाणी जपून" म्हणणं आपल्याकडे उद्धटपणात मोडतं. त्यामुळे यजमान गप्प राहतो आणि रात्री टँकरवाल्याला फोन लावतो.

दुसरी गोष्ट झोप. आपली घड्याळं भारतीय वेळेवर चालतात, पण हे बेट मुंबईच्या पुष्कळ पूर्वेला आहे. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि मे महिन्यात पहाटे पाचच्या आत उजाडतं. इथलं मूल उजेडासोबत उठतं आणि संध्याकाळी सातला पेंगायला लागतं. पाहुणे मात्र पुण्याचं घड्याळ पोटात घेऊन येतात: सकाळी आठला चहा, रात्री साडेदहाला जेवणं, मग गप्पा. सुट्टीवर आलेल्या माणसाला नऊ वाजता दिवे घालवा सांगता येत नाही. दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये हॉलमधला हशा पाळण्यापर्यंत पोहोचतो, मूल उठतं, आणि पहाटे पाचला पुन्हा उठायचं ते उठतंच.

या दोन निकषांवर गेस्ट हाउस सरळ जिंकतं. पाण्याची काळजी दुसऱ्याची, रात्रीच्या गप्पा दुसऱ्या छताखाली. पण घराच्या बाजूनेही एक मोठी गोष्ट आहे: आजी-आजोबा. ते पाहुणे नव्हेत. आई किंवा सासूबाई महिनाभर राहिल्या तर त्या पहिल्या आठवड्यातच बेटाच्या वेळेवर येतात. सकाळी सहाला पोराला घेऊन अंगणात बसतात, मऊ भात भरवतात, दुपारी त्याच्या शेजारी आडव्या होतात. एवढा मोठा हात हॉटेलात ठेवून काय मिळवणार? शिवाय इथे आपली माणसं मुळातच थोडी. आजूबाजूला बंगाली, तमिळ, तेलुगू कुटुंबं, सगळ्यांचं आपसात हिंदी. मुलाच्या कानावर घराबाहेरचं मराठी पडण्याची संधी अशीच येते.

म्हणून माझी विभागणी राहण्याच्या मुदतीवर आहे. पंधरा दिवसांहून जास्त राहणारे घरी. आठवडाभरासाठी, मुलंबाळं घेऊन, फिरायला येणारे, म्हणजे दीर-जाऊ, नणंद, मामेभाऊ, चालत किंवा रिक्षाने दहा मिनिटांच्या आतल्या खोलीवर. सरकारी नोकरीत असाल तर आपल्या खात्याचं गेस्ट हाउस किंवा हॉलिडे होम आधी बघा. भाडं कमी असतं, पण खोल्या लवकर भरतात.

राहिला मानापमानाचा प्रश्न, आणि तो लहान नाही. "घर असताना हॉटेलात?" हे वाक्य एखाद्या काकूच्या तोंडी वर्षानुवर्षं राहू शकतं. यावर एकच उपाय आहे: विचारू नका, सांगा, आणि विमानाची तिकिटं निघण्याआधी सांगा. "तुमच्यासाठी घराजवळ एसीची खोली घेतली आहे, बाळ रात्री उठतं म्हणून. नाश्ता तिकडे, जेवण आमच्याकडे." शक्य असेल तर खोलीचे पैसे आपण भरावेत. तेवढ्याने निम्मा राग जातो. उरलेला निम्मा बांगड्याचं तिखलं घालवतं.

तडजोड म्हणून काही जण पहिली रात्र घरी ठेवतात आणि मग खोलीवर पाठवतात. मला हे पटत नाही. सामान एकदा घरात उघडलं की ते हलत नाही.

डिसेंबर, मार्च की मे

पर्यटकांच्या दृष्टीने डिसेंबरचा शेवट उत्तम: समुद्र बराचसा शांत, हवा सुखद, पाऊस सरत आलेला. धरणात पाणी असतं, त्यामुळे घरी माणसं ठेवणंही जमून जातं. अडचण गर्दीची. विमानाची तिकिटं, बोटी, खोल्या सगळंच महाग आणि भरलेलं.

फेब्रुवारी-मार्च हा माझ्या मते सगळ्यात चांगला काळ. कोरडी हवा, शांत समुद्र, गर्दी ओसरलेली. पण तेव्हा शाळा चालू असतात, म्हणजे हा काळ आजी-आजोबांचाच. त्यांना जानेवारीअखेर बोलवा आणि होळीपर्यंत ठेवून घ्या.

शाळकरी मुलांच्या आईबापांना उरतो मे महिना. पहिला पंधरवडा चालून जातो. उकाडा असतो आणि पाण्याची सगळ्यात जास्त ओढ तेव्हाच असते, म्हणून मे महिन्यातले पाहुणे खोलीवरच, यात चर्चा नको. तिसऱ्या आठवड्यानंतर मात्र बोलवूच नका. मोसमी पाऊस केरळात पोहोचण्याआधी अंदमानात येतो, साधारण मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. हॅवलॉक बेटावर अडकलेले पाहुणे, पोर्ट ब्लेअरहून चुकलेलं विमान, आणि दोन्हीकडे फोन लावत बसलेले तुम्ही, कडेवर पोर. दिवाळीच्या सुट्टीत बेत करणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं की ऑक्टोबर-नोव्हेंबरात इथे पाऊस संपलेला नसतो आणि बंगालच्या उपसागरात वादळांचे दिवस असतात.

कोणत्याही महिन्यात एक नियम पाळायला लावा: परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री पाहुणे पोर्ट ब्लेअरमध्ये असलेच पाहिजेत. त्याच दिवशी सकाळच्या बोटीने येऊन दुपारचं विमान पकडण्याचा बेत कागदावरच छान दिसतो.

"जहाजाने येऊ, मजा येईल" म्हणणारे एक काका प्रत्येक घरात असतात. चेन्नई किंवा कोलकात्याहून जहाजाला अडीच-तीन दिवस लागतात. काकांना येऊ द्या, काकूंना विमानाने बोलवा.

सोबत जायचं की नुसतं पाठवायचं

इथे बहुतेक यजमान फसतात. पाहुणे आले म्हणजे प्रत्येक ठिकाणी आपण बरोबर असलंच पाहिजे असं त्यांना वाटतं. दोन वर्षांचं मूल घेऊन हे होत नाही, आणि खरं सांगायचं तर पाहुण्यांनाही तसं नको असतं. पोराच्या झोपेसाठी पंधरा माणसांनी जेट्टीवर थांबावं, यात कोणाला आनंद आहे?

बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा: फक्त पाठवा. रस्ता जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव जंगलातून जातो, गाड्या जिरकाटांगहून ठरलेल्या वेळी ताफ्यानेच सुटतात, आणि सकाळचा पहिला ताफा गाठायचा तर घरून पहाटे तीन-साडेतीनला निघावं लागतं. पुढे बोट, मग पायपीट. पाहुण्यांना एवढं मात्र बजावून सांगा की त्या जंगलात गाडी थांबवणं, फोटो काढणं, कोणाला खाऊ देणं हा गुन्हा आहे.

सेल्युलर जेलला सोबत जा, पण दिवसा. मराठी पाहुण्यांसाठी हीच खरी यात्रा असते. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगात जवळपास सातशे कोठड्या होत्या. सातांपैकी तीनच पाखे आता उभे आहेत. सावरकर बंधू १९२१ पर्यंत इथे होते. विनायकरावांची कोठडी वरच्या मजल्यावर आहे, आणि तिच्या दाराशी आजोबा किती वेळ उभे राहतील हे आधी सांगता येत नाही. म्हणून आई-बाबांपैकी एकाने पाहुण्यांबरोबर वर जावं, दुसऱ्याने पोराला घेऊन खालच्या आवारात राहावं. बाबागाडीचा जिन्यावर उपयोग नाही, आणि त्या लांब व्हरांड्यांत मुलांना आपल्याच ओरडण्याचा प्रतिध्वनी फार आवडतो. संध्याकाळच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमाला पाहुण्यांना एकटं पाठवा. अंधार, डास, मोठा आवाज, आणि झोपेची वेळ.

शहरातली मरीना पार्क, समुद्रिका संग्रहालय, चिडिया टापूचा सूर्यास्त ही पोरासकट जाण्याची ठिकाणं. वंडूरला जाल तर मगरींच्या सूचनेचे फलक गंभीरपणे घ्या.

हॅवलॉक की नील

कागदोपत्री हॅवलॉक आता स्वराज द्वीप आणि नील शहीद द्वीप, तिकिटावर तीच नावं शोधा. हॅवलॉकचा राधानगर किनारा सुंदर आहे यात वाद नाही. मऊ वाळू, रुंद पट्टा, मागे उंच झाडं. पण जेट्टीपासून तो दूर आहे, लाटा जोरात असतात, आणि एलिफंट बीचला जायचं तर पुन्हा बोट किंवा जंगलातली वाट. हिंडणाऱ्या, पाण्यात उतरणाऱ्या माणसांचं ते बेट.

नील लहान, सपाट, शेतीचं. पोर्ट ब्लेअरच्या बाजारात येणारी बरीच भाजी तिथली. जेट्टीला लागूनच भरतपूरचा उथळ किनारा; सामान टाकलं की पंधरा मिनिटांत मूल पाण्यात. कुठेही जा, रिक्षा थोड्या वेळात पोहोचवते. तोटा एकच: ओहोटीला प्रवाळाचे धारदार तुकडे उघडे पडतात, तेव्हा पायात मागून पट्ट्याच्या चपला हव्यात. लक्ष्मणपूरजवळच्या नैसर्गिक दगडी पुलाकडे जाणारी वाट निसरडी आहे. आजींनी आणि नातवाने ती सोडून द्यावी.

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे. हॅवलॉकला पाहुणे एकटे जातील, नीलला सगळे मिळून एक रात्र. जाताना खासगी बोट घ्या, सरकारी बोटीपेक्षा महाग पण वेळ कमी, आणि सकाळची घ्या. मुलाला बोट लागत असेल तर औषधाचं आधीच बालरोगतज्ज्ञांना विचारा. इथला रहिवासी म्हणून तुम्हाला सरकारी बोटीवर सवलतीचं तिकीट मिळतं, पाहुण्यांना नाही. घरात कोणाला हृदयाचा त्रास असेल तर त्यांची रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच ठेवा. दोन्ही बेटांवर प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत, पण गंभीर काही झालं तर शेवटी पोर्ट ब्लेअरच्या जी. बी. पंत रुग्णालयातच यावं लागतं, तेही समुद्र ओलांडून.

पाहुण्यांच्या मुलांनी गोळा केलेले शंख-प्रवाळ त्यांच्या बॅगेत जाण्याआधी काढून घ्या. विमानतळावर ते निघतात, आणि त्या वेळी आत्याचा चेहरा बघवत नाही.

बोलवावं की आपणच जावं

हा पर्याय कोणी विचारातच घेत नाही. मूल दोन वर्षांचं होईपर्यंत विमानात मांडीवर बसतं आणि त्याला नाममात्र पैसे पडतात. दुसऱ्या वाढदिवसानंतर पूर्ण जागा घ्यावी लागते. म्हणजे दोन वर्षांच्या आत असेल तर आपण मेनलँडला जाणं स्वस्त. सगळे नातेवाईक एका गावात असतील तर सोयीचंही: आठ जणांनी इकडे येण्याऐवजी अडीच जणांनी तिकडे जायचं. केंद्र सरकारी नोकरीत असलेल्या नातेवाइकांचं गणित मात्र उलटं आहे. एलटीसीवर, म्हणजे सरकारी रजा-प्रवास सवलतीवर, विमानाने अंदमानला यायची मुभा सरकार वेळोवेळी वाढवत आलं आहे, ती चालू असेल तर त्यांनाच येऊ द्या.

मूल दीड वर्षाचं असेल आणि सासर-माहेर दोन्ही पुण्यात असेल, तर मी या हिवाळ्यात तिकडे जाईन, आणि आजी-आजोबांना परतीच्या विमानात बरोबर घेऊन येईन.