बॅलन्सिंग करूनही स्टिअरिंग थरथरतंय: पुन्हा बॅलन्सिंग, रिमदुरुस्ती की नवा टायर?

जालन्याहून समृद्धीवर चढल्यावर काटा 90 च्या पुढे गेला की स्टिअरिंग थरथरतं, आणि तीच गाडी गावाकडच्या रस्त्यावर 60 ने गेली तर काही जाणवत नाही. ही बहुधा चाकाच्या असमतोलाची खूण, म्हणजे चाक एका बाजूला जड झालंय. रिमला छोटी वजनं लावून तो भार सारखा करणं म्हणजे बॅलन्सिंग. 100 च्या वेगाला लहान कारचं चाक सेकंदाला 14-15 फेऱ्या मारतं. त्या वेगात रिमच्या कडेला 30 ग्रॅम जास्त असले तर चाकाला साडेचार किलोच्या आसपास ओढ बसते, तीही दर फेरीला दिशा बदलत.

दुकानात गेलं की अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग जोडीनं गळ्यात पडतं. यातली अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, थरथरीवरचा उपाय नाही. गाडी एका बाजूला ओढत असेल, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं राहत असेल किंवा टायर एकाच कडेनं झिजत असेल तरच तिच्यावर पैसे घाला. फक्त ब्रेक दाबल्यावर हादरे येत असतील तर डिस्क बघा. ॲक्सिलरेटर दाबल्यावर येत आणि सोडल्यावर जात असतील तर ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचा) आतला जॉइंट बघा. या दोन्हींत बॅलन्सिंग कितीही वेळा केलं तरी फुकट.

खर्च करण्याआधी एक चाचणी घरच्या जॅकवर होते. पुढचं आणि मागचं चाक त्याच बाजूला अदलाबदल करा, मग दुसऱ्या बाजूचं. थरथर स्टिअरिंगमधून सीटखाली गेली तर दोष चाकात. स्टिअरिंगमध्येच राहिली तर चाक ज्यांवर बसतं आणि वळतं ते भाग, म्हणजे हब, बेअरिंग, टाय रॉड एंड, लोअर आर्मचे बुश तपासून घ्या. स्टेपनी लावून ही चाचणी करू नका. बऱ्याच गाड्यांत ती अरुंद असते आणि तिच्यावर 80 ची मर्यादा लिहिलेली असते.

दोष चाकात निघाला तर तीन वाटा उरतात.

पुन्हा बॅलन्सिंग सगळ्यात स्वस्त, पण आधीचं का बिघडलं हे कळल्याशिवाय करू नका. आपल्याकडचं नेहमीचं कारण माती. पावसाळ्यात शेतरस्त्यावरून आलेल्या गाडीच्या रिमच्या आत काळी माती चिकटते, वाळून घट्ट बसते. ती न काढता लावलेलं वजन माती गळेपर्यंतच खरं. चिकटवलेली वजनं गळणं हे दुसरं कारण, रिम पुसली नव्हती म्हणून. तिसऱ्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही: पंक्चरसाठी टायरमध्ये ओतलेलं जेल. ते आत वाहतं, म्हणून मशीन दर वेळी वेगळा आकडा दाखवतं. आधी टायर उतरवून ते पुसून काढावं लागतं.

मशीनवर शून्य आलं, म्हणजे आणखी वजन नको असं दिसलं, तरी काम नीट झालं असंही नाही. चाक मशीनवर मधोमध धरणारा शंकू (कारागीर त्याला ‘कोन’ म्हणतात) रिमच्या मधल्या भोकाला नीट बसला नाही तर शून्यच खोटं असतं. कारागिराला सांगा: शून्य आल्यावर चाक सैल करून अर्धा फेरा फिरवा, पुन्हा घट्ट करून मोजा. 10 ग्रॅमपेक्षा जास्त फरक आला तर बसवणीच चुकली आहे. एवढं करायला जो नाही म्हणतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये.

रिम की टायर, हे ठरवायला चाक जॅकवर उचला, रिमच्या कडेजवळ स्क्रूड्रायव्हर स्थिर धरा आणि चाक हातानं फिरवा. फट साधारण 1 मिलिमीटरहून जास्त कमी-जास्त झाली तर रिमला बेंड आहे. रिम सरळ फिरली आणि टायरचा माथा वर-खाली झाला तर दोष टायरमध्ये. टायरला फुगा दिसला किंवा 30-40 च्या वेगालाच गाडी डुलायला लागली तर आतले पट्टे सुटलेले असू शकतात. त्या टायरवर वजनं लावून हायवेला जाणं धोक्याचं, तो बदलाच.

लोखंडी रिमचा बेंड चांगला कारागीर काढून देतो आणि नव्या टायरपेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं. अलॉयचं तसं नाही. तापवून सरळ केलेली अलॉय कमजोर होऊ शकते आणि तडा असला तर वेल्डिंग करून वापरूच नये. तिथे नवी रिम घेतलेली बरी.

रिम सरळ, टायर चांगला, तरी एका बाजूला 60 ग्रॅमच्या वर वजन लागतंय? लगेच नव्या टायरकडे जाऊ नका. टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून बसवायला सांगा. रिमची आणि टायरची जड बाजू एकमेकींसमोर आली की वजन बरंच उतरतं. एवढ्यानंही थरथर राहिली तर रोलर दाबून टायरचा कडकपणा मोजणारं मशीन कुठे आहे ते फोन करून विचारा. ते छोट्या दुकानात नसतं.

टायर बदलायचाच ठरला तर साइडवॉलवरचे (टायरच्या बाजूवरचे) तारखेचे चार आकडे वाचा. 2324 म्हणजे 2024 चा 23 वा आठवडा. दोनच घेणार असाल तर नवे मागे लावा. बसवल्यावर व्हॉल्व्हच्या रेषेत टायर आणि रिमवर मिळून खडूची एक खूण करा. टायर रिमवर चढवताना साबण जास्त लावलेला असला तर पहिल्या एक-दोन दिवसांत जोराच्या ब्रेकनं टायर रिमवर सरकतो आणि बॅलन्सिंग बिघडतं. खूण तुटली की ते लगेच कळतं. हबवरचा गंज ब्रशनं काढूनच चाक चढवा, नट समोरासमोरचे आवळा आणि शेवटचा ताण मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क पान्यानं द्या.