सरमिसळ वर्गासाठी लॅटिन: ‘केम्ब्रिज लॅटिन कोर्स’, भाग पहिला (पाचवी आवृत्ती)

इंग्लंडमधील सर्वसाधारण शाळेत अकरा-बारा वर्षांच्या मुलांना लॅटिन शिकवायचे, तर एका बाकावर प्रत्यय पाहताच विभक्ती ओळखणारी मुलगी असते आणि तिच्या शेजारी इंग्रजी परिच्छेद वाचतानाही अडखळणारा मुलगा. या दोघांच्या हाती एकच पुस्तक द्यायचे असेल, तर ते कोणते, या एकाच निकषावर मी ‘केम्ब्रिज लॅटिन कोर्स’च्या पहिल्या भागाचे परीक्षण करत आहे.

हा निकष पुस्तकावर बाहेरून लादलेला नाही. १९६०मध्ये ऑक्सफर्ड आणि केम्ब्रिज विद्यापीठांनी प्रवेशासाठी असलेली लॅटिनची सक्ती उठवली, पुढे त्याच दशकात सर्व क्षमतांच्या मुलांना एकत्र शिकवणाऱ्या शाळा वाढू लागल्या, आणि निवडक हुशार मुलांसाठी रचलेला व्याकरण-भाषांतराचा जुना अभ्यासक्रम या नव्या वर्गांत चालेनासा झाला. त्यातून १९६६मध्ये केम्ब्रिज स्कूल क्लासिक्स प्रोजेक्ट सुरू झाला आणि १९७०पासून त्याची पुस्तके येऊ लागली. संस्कृत शिकताना आपण ‘देवः देवौ देवाः’ आधी घोकतो आणि वाक्याकडे नंतर वळतो. इथे हा क्रम जाणीवपूर्वक उलटा केला आहे. आधी चित्र, चित्राखाली वाक्य, मग गोष्ट, आणि व्याकरणाची टीप त्यानंतर.

गोष्ट पॉम्पेई या प्राचीन रोमन शहरातील कायकिलिउस या सावकाराच्या घरातली आहे. पहिल्याच पाठात ग्रुमिओ हा स्वयंपाकी झोपलेला असतो, केर्बेरुस नावाचा कुत्रा मेजावरच्या अन्नावर झेप घेतो, ग्रुमिओ घोरतो, कुत्रा भुंकतो आणि ग्रुमिओ चिडून उठतो. एवढ्याशा मजकुरावर संपूर्ण वर्ग काम करू शकतो, हे या पुस्तकाचे सर्वांत मोठे बळ आहे. ज्याला वाचन जड जाते तो मुलगा चित्रावरून आणि ‘कानिस लात्रात’ (कुत्रा भुंकतो) यांसारख्या दोन शब्दांच्या वाक्यांवरून घटनाक्रम बरोबर सांगतो. मधली मुले भाषांतर लिहितात. आणि पुढे गेलेल्यांना तीच गोष्ट कुत्र्याच्या बाजूने लॅटिनमध्ये सांगायला देता येते. कोणालाही वेगळा, ‘सोपा’ कागद द्यावा लागत नाही आणि म्हणून कोणाचाही मान दुखावत नाही. सरमिसळ वर्गात शिकवलेल्या प्रत्येकाला या गोष्टीचे मोल ठाऊक आहे.

मात्र दुसऱ्या पाठापासून एक अडचण सुरू होते आणि तिच्याकडे दुर्लक्ष केले तर ती पुढे महागात पडते. ‘मेतेल्ला एस्त इन आत्रिओ’ म्हणजे मेतेल्ला (कायकिलिउसची बायको) दिवाणखान्यात आहे; ‘आमिकुस मेतेल्लाम सालूतात’ म्हणजे मित्र मेतेल्लाला अभिवादन करतो. द्वितीयेचा ‘म’ इथे प्रथम दिसतो. परंतु सुरुवातीच्या पाठांत कर्ता, कर्म, क्रियापद हा क्रम इतका ठरलेला आहे की मुले ‘म’कडे न पाहताही अर्थ बरोबर लावतात. (मराठी घरांतल्या मुलांना तर हा क्रम आपलाच वाटतो, त्यामुळे त्यांची गाडी सुरुवातीला विशेष वेगाने धावते.) पुढे शब्दक्रम मोकळा झाला की अंदाजावर वाचणारी मुले कोसळतात, आणि त्यांत केवळ कच्ची मुले नसतात. यावर माझा उपाय साधा आहे: फळ्यावर ‘मेतेल्लाम आमिकुस सालूतात’ असे वाक्य उलटून लिहावे आणि कोणी कोणाला अभिवादन केले ते विचारावे. हा सराव शिक्षकाने स्वतःच्या जबाबदारीवर दुसऱ्या पाठापासूनच घ्यावा.

व्याकरणाच्या बाबतीत चलाख मुलांची उपासमार होते, हेही स्पष्ट सांगायला हवे. ‘इन होर्तो’ (बागेत) हा प्रयोग पहिल्याच पाठात येतो. ‘होर्तुस’चे ‘होर्तो’ का झाले, असा प्रश्न वर्गातला कोणी ना कोणी विचारतोच, पण त्याचे उत्तर पहिल्या भागात नाही. बारा पाठांत मुले प्रथमा, द्वितीया आणि नवव्या पाठातली चतुर्थी एवढ्याच विभक्ती रीतसर शिकतात. षष्ठीसुद्धा पुढच्या भागासाठी राखून ठेवली आहे. संथ गतीने जाणाऱ्यांना हा वेग मानवतो. इतरांसाठी विभक्तींचा पूर्ण तक्ता वर्गाच्या भिंतीवर लावावा, असे माझे मत आहे. ज्याला हवा तो पाहील.

संस्कृतिविषयक प्रकरणे उत्तम आहेत. कायकिलिउस ही काल्पनिक व्यक्ती नाही; १८७५मध्ये त्याच्या घरात दीडशेहून अधिक मेणपाट्या (लिहिण्यासाठी मेण लावलेल्या लाकडी पाट्या) सापडल्या, त्यांवर लिलाव आणि येण्या-देण्याच्या नोंदी आहेत, आणि त्या नोंदी इ. स. ६२च्या भूकंपाच्या आसपास थांबतात. पुस्तकातला कायकिलिउस मात्र ७९च्या व्हेसुव्हिअसच्या उद्रेकापर्यंत जगतो. पुरावा कुठे संपतो आणि कथाकाराची कल्पना कुठे सुरू होते, ही चर्चा मी मुद्दाम संपूर्ण वर्गासमोर ठेवते, कारण तिथे लॅटिनमध्ये मागे असलेली मुलेही बरोबरीने, कधी कधी अधिक नेमके बोलतात.

पाचव्या आवृत्तीत कायकिलिउसला लूकिआ नावाची मुलगी मिळाली आहे आणि गुलामांचे चित्रण पूर्वीपेक्षा गंभीर झाले आहे. आधीच्या आवृत्त्यांतले हसतमुख, विनोदी गुलाम वर्गात वाचणे मला कधीच रुचले नव्हते, त्यामुळे हा बदल मी मनापासून स्वागतार्ह मानते.

हान्स ओर्बेर्ग यांच्या ‘लिंग्वा लातिना पेर से इलुस्त्राता’शी या पुस्तकाची तुलना नेहमी होते. ते पुस्तक पहिल्या ओळीपासून केवळ लॅटिनमध्ये आहे आणि स्वतःच्या ओढीने शिकणाऱ्या प्रौढाला मी तेच सुचवीन. परंतु आठवडाभर आजारी पडलेले मूल परत आल्यावर त्यात स्वतःची वाट शोधू शकत नाही. केम्ब्रिजच्या पुस्तकात शब्दार्थ गोष्टीला लागूनच असतात, आणि प्रकल्पाच्या संकेतस्थळावरील गोष्टींत शब्दावर टिचकी मारली की अर्थ समोर येतो. त्या सोयीला मर्यादा हवी, नाहीतर मुले एकेका शब्दावर टिचकी मारत बसतात आणि वाक्य हातातून निसटते. आधी वाक्य पूर्ण वाचायचे आणि मगच अडलेला शब्द पाहायचा, असा नियम मी घालते.

खरेदी करताना एक काळजी घ्यावी. चौथ्या आवृत्तीच्या जुन्या प्रती स्वस्तात मिळतात आणि शिकवण्यासाठी त्या वाईट नाहीत, पण एकाच वर्गात दोन आवृत्त्या मिसळू नयेत. गोष्टींचा मजकूर जागोजागी बदललेला आहे, आणि ज्या मुलाला आधीच पान सापडायला वेळ लागतो, त्याच्या हातात शेजाऱ्यापेक्षा निराळे पुस्तक असणे त्याला परवडणारे नाही.