अलकापुरीतील एका सल्ला केंद्राच्या दोन बैठका

माझ्या मुलीने अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशासाठीची सॅट ही परीक्षा ऑगस्ट आणि ऑक्टोबर अशी दोनदा दिली. आता कोणते गुण अमेरिकेतील कोणत्या महाविद्यालयाला कळवायचे, एवढ्या एकाच प्रश्नासाठी आम्ही वडोदऱ्याच्या अलकापुरीतील परदेशी प्रवेशाच्या एका सल्ला केंद्रात दोन बैठका घेतल्या. निबंध आणि अर्जाचे मोठे पॅकेज घेतले नाही, त्यामुळे त्याविषयी मी बोलत नाही.

ऑगस्टमध्ये गणितात 760 आणि वाचन-लेखनात 650, म्हणजे एकूण 1410. ऑक्टोबरमध्ये 730 आणि 720, म्हणजे 1450. ऑक्टोबरचेच गुण पाठवायचे, असे मी दांडिया बाजारातून निघतानाच पक्के केले होते. समुपदेशक ताईंनी चौकटींच्या कागदावर चारही आकडे मांडले, 760 आणि 720 यांना पेन्सिलीने गोल केला आणि खाली 1480 लिहिले. जी महाविद्यालये प्रत्येक विभागातील सर्वोत्तम गुण एकत्र धरतात, त्यांच्यासाठी हा आकडा. मात्र कोणत्याही तारखेचे निव्वळ गणिताचे गुण वेगळे काढून पाठवता येत नाहीत, त्या दिवसाचे गुणपत्रक पूर्णच जाते, म्हणून 1480 हवे असतील तर 650 सुद्धा दाखवावे लागतात. माझा बेत पाच मिनिटांत मोडला.

त्यानंतर त्यांनी आमच्या यादीतील प्रत्येक महाविद्यालयाचे पान उघडून नियम आम्हालाच वाचायला लावला, आणि मला सर्वांत आवडले ते हेच. कोणत्या तारखेचे गुण पाठवायचे हे निवडण्याची मुभा सॅट घेणाऱ्या कॉलेज बोर्ड या संस्थेने 2009 पासून दिली असली, तरी जॉर्जटाउन विद्यापीठ सगळ्या प्रयत्नांचे गुण मागते. अमेरिकेतील एमआयटीने परीक्षेची अट 2022 मध्ये पुन्हा घातली, पण ती प्रत्येक विभागातील वरचे गुण पाहते. कॅलिफोर्निया विद्यापीठ तर प्रवेश ठरवताना हे गुण विचारातच घेत नाही.

खरी चर्चा झाली ती जिथे गुण पाठवणे ऐच्छिक आहे अशा एका महाविद्यालयावर. तिथे प्रवेश मिळालेल्यांपैकी मधल्या निम्म्या विद्यार्थ्यांचे गुण 1470 ते 1540 यांच्या दरम्यान होते आणि आमचे 1480 त्यात जेमतेम बसत होते. ऐच्छिक व्यवस्थेत बहुधा चांगले गुण मिळालेलेच ते कळवतात, त्यामुळे हा पट्टा मुळातच वर सरकलेला असतो. शिवाय मुलगी अभियांत्रिकीसाठी अर्ज करते आहे, तेव्हा 760 दिसू द्यावेत, असे ताईंचे मत पडले. मला ते पटले, मुलीला पटले नाही. “अर्ज तिचा आहे, काका,” एवढेच म्हणून ताईंनी त्या ओळीसमोर ‘नाही’ लिहिले. शुल्क घेऊनही स्वतःचे मत न रेटणारा सल्लागार मला तरी क्वचितच भेटला आहे.

याच केंद्राच्या स्वागतकक्षात मात्र आम्हाला महागात पडलेला सल्ला मिळाला होता. ऑगस्टच्या परीक्षेची नोंदणी करताना तिथल्या कर्मचाऱ्याने महाविद्यालयांना मोफत पाठवता येणारी चार गुणपत्रके वाया घालवू नका म्हणून चार महाविद्यालयांची नावे तेव्हाच भरायला लावली. परीक्षेनंतर नऊ दिवसांपर्यंत ती बदलता येतात, पण निकाल येतो साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे ही फुकटची सोय गुण न पाहताच वापरावी लागते. आमचे 1410 त्या चारही ठिकाणी पोहोचले, आणि एकदा गेलेले गुणपत्रक परत मागवता येत नाही. ताईंनी हे ऐकून खेद व्यक्त केला, परंतु स्वागतकक्षातील सूचना बदलली की नाही, हे दुसऱ्या भेटीतही कोणी सांगितले नाही.

शनिवारी संध्याकाळची वेळ टाळावी. आम्ही पाऊण तास ताटकळलो. जाताना महाविद्यालयांची यादी पक्की करून न्यावी, नाहीतर पहिली बैठक यादी करण्यातच संपते आणि तिचेही शुल्क पूर्ण लागते.