हरकत, मोर्चा की याचिका? इंटरनेटवरील निर्बंधांना विरोध करताना निवडायची वाट

इंटरनेटविषयीचा एखादा नियम किंवा बंदी अन्यायकारक वाटली, तर तालुक्याचा पत्रकार संघ, महाविद्यालयातील एखादे मंडळ किंवा मूठभर सभासदांची संस्था यांच्यापुढे प्रामुख्याने तीन वाटा असतात. मसुद्यावर हरकती नोंदवता येतात, रस्त्यावर उतरता येते, किंवा न्यायालयात जाता येते. तिन्ही वाटा एकाच वेळी चालण्याइतका पैसा आणि मनुष्यबळ बहुतेकांकडे नसते, त्यामुळे निवड करावीच लागते. ती करताना आपल्याला काय जमते यापेक्षा समोरचा निर्णय कोणत्या अवस्थेत आहे, म्हणजे तो अजून मसुदा आहे, अधिसूचना निघाली आहे की बंद पाकिटातला आदेश आहे, हे आधी पाहावे, असे माझे मत आहे. लोकांच्या दबावाचा परिणाम होतो की नाही, या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी तिथेच दडलेले असते.

निर्णय मसुद्याच्या अवस्थेत असेल, तर हरकतींची मोहीम ही सर्वांत स्वस्त आणि अनेकदा सर्वांत परिणामकारक वाट ठरते. मार्च २०१५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, इंटरनेटवरील सेवांच्या नियमनाविषयी ११८ पानांचे सल्लामसलत-पत्र प्रसिद्ध केले आणि त्यात वीस प्रश्न विचारले. एरवी अशा कागदावर दूरसंचार कंपन्या आणि त्यांचे वकील एवढेच बोलतात. या वेळी मात्र स्वयंसेवकांनी ते प्रश्न सोप्या भाषेत उलगडून उत्तरांचा नमुना लोकांपुढे ठेवला, आणि महिनाभरात दहा लाखांहून अधिक ई-मेल ट्रायकडे पोहोचले. पुढे ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने संकेतस्थळ किंवा मजकूर पाहून डेटाचे वेगवेगळे दर आकारण्यास मनाई केली आणि निवडक संकेतस्थळे मोफत दाखवणारी फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ योजना भारतात थांबली.

या यशावरून ‘जितके ई-मेल जास्त, तितका विजय पक्का’ असा निष्कर्ष काढणाऱ्याने दुसरी बाजूही पाहावी. त्याच लढाईच्या दुसऱ्या फेरीत फेसबुकनेही आपल्या वापरकर्त्यांकरवी ‘फ्री बेसिक्स’च्या बाजूने लाखो तयार संदेश पाठवले होते. त्यांत विचारलेल्या प्रश्नांची उत्तरेच नव्हती, आणि सल्लामसलत म्हणजे मतदान नव्हे, हे ट्रायने कंपनीला स्पष्टपणे कळवले. थोडक्यात, डोकी मोजून ट्रायने निर्णय दिला नाही; मुद्द्याला धरून लिहिलेली हरकत मोजली गेली. आणखी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. त्या वादात समोर कंपन्या होत्या आणि सरकारला स्वतःचा कोणताही अधिकार सोडावा लागणार नव्हता. सेन्सॉरशिपच्या प्रश्नात तसे नसते.

तरीही सरकारने स्वतःच्या मसुद्यावरून माघार घेतल्याची उदाहरणे आहेत. सप्टेंबर २०१५ मध्ये आलेल्या एन्क्रिप्शन, म्हणजे संदेश सांकेतिक रूपात पाठवण्याविषयीच्या धोरणाच्या मसुद्यात सांकेतिक संदेशांची साधी प्रत ९० दिवस जपून ठेवण्याची अपेक्षा होती. समाजमाध्यमांवर गदारोळ होताच तो मसुदा अवघ्या काही दिवसांत मागे घेतला गेला. प्रसारण सेवा विधेयकाचे प्रकरण अधिक बोलके आहे. नोव्हेंबर २०२३ चा मसुदा सर्वांसाठी खुला होता, पण जुलै २०२४ मधील सुधारित प्रत निवडक मंडळींनाच, कोणाची प्रत हे ओळखू येईल अशी खूण (वॉटरमार्क) टाकून, देण्यात आली आणि यूट्यूबवर बातम्या देणारेही तिच्या कक्षेत येतील अशी चर्चा सुरू झाली. टीका वाढल्यावर ऑगस्टमध्ये मंत्रालयाने सूचनांसाठी १५ ऑक्टोबर २०२४ पर्यंत मुदत वाढवली. मसुदा लपवण्याची गरज वाटणे, हीच हरकतींच्या ताकदीची एक प्रकारची पावती आहे, असे म्हणायला हरकत नाही.

आता रस्त्यावरच्या आंदोलनाकडे येऊ. सरकारी धोरण बदलण्याची त्याची ताकद नाकारता येत नाही. दिल्लीच्या सीमांवर वर्षभर बसलेल्या शेतकऱ्यांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये तीन कृषी कायदे मागे घ्यायला लावले. परंतु इंटरनेटच्या प्रश्नात याच वाटेवर एक उलटा धोका असतो, कारण गर्दी जमली की पहिला घाव इंटरनेटवरच पडतो. त्याच आंदोलनात जानेवारी २०२१ च्या अखेरीस सिंघू, टिकरी आणि गाझीपूर येथे इंटरनेट बंद केले गेले आणि पाठोपाठ ट्विटरवरील शेकडो खात्यांबाबत सरकारी आदेश निघाले. आपल्याकडेही फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनावेळी जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत काही तास मोबाइल इंटरनेट बंद होते. त्या काळात कांद्याचे पैसे ऑनलाइन घेणाऱ्या व्यापाऱ्याचा आंदोलनाशी काहीही संबंध नसला, तरी नुकसान त्याचेही होतेच.

रस्त्याच्या ताकदीचा दाखला म्हणून आजकाल नेपाळचे नाव घेतले जाते. ४ सप्टेंबर २०२५ रोजी तिथल्या सरकारने नोंदणी न केल्याच्या कारणावरून २६ समाजमाध्यमे बंद केली, ८ तारखेला तरुण रस्त्यावर आले, त्याच रात्री बंदी उठली आणि दुसऱ्या दिवशी पंतप्रधान के. पी. शर्मा ओली यांनी राजीनामा दिला. हा घटनाक्रम ऐकायला प्रभावी वाटतो खरा, पण पहिल्याच दिवशी गोळीबारात १९ जण मरण पावले आणि पुढे जाळपोळीत संसदभवनही सुटले नाही. शिवाय तरुणांचा राग केवळ बंदीवर नव्हता, तो भ्रष्टाचारावर आणि नेत्यांच्या मुलांच्या थाटावर साचलेला होता. बंदी ही ठिणगी होती. एखाद्या संस्थेने हे उदाहरण समोर ठेवून मोर्चाचे नियोजन करणे मला शहाणपणाचे वाटत नाही. जमावबंदीच्या काळात नोंदवलेला गुन्हा विद्यार्थ्याच्या पासपोर्टच्या पडताळणीत वर्षानुवर्षे आडवा येतो, ही त्यातली छोटी पण अगदी रोजची अडचण आहे.

तिसरी वाट न्यायालयाची. ती संथ आणि खर्चिक आहे, पण अधिसूचना एकदा निघाली की बहुतेकदा तीच उरते. या वाटेची सुरुवातही अनेकदा लोकांच्या संतापातूनच होते, आणि याचे सर्वांत ठळक उदाहरण महाराष्ट्रातील आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळलेल्या बंदविषयी पालघरमधील एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न उपस्थित केला, तिच्या मैत्रिणीने तो ‘लाइक’ केला आणि दोघींना अटक झाली. देशभर टीका झाली आणि संबंधित पोलीस अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. जानेवारी २०१३ मध्ये केंद्राने सूचना काढली की ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकूर पाठवणे गुन्हा ठरवणाऱ्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ अ खाली अटक करण्यापूर्वी वरिष्ठ अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी. लोकांच्या संतापातून थेट मिळाले ते एवढेच. कलम स्वतः रद्द झाले ते २४ मार्च २०१५ रोजी, श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवल्यावर. निकालानंतरही अनेक राज्यांतील पोलीस त्याच कलमाखाली गुन्हे नोंदवत राहिले आणि २०२१ मध्ये हे समोर आल्यावर न्यायालयाने आश्चर्य व्यक्त केले. जिंकलेला निकाल ठाण्यापर्यंत पोहोचवायला पुन्हा लोकांचाच पाठपुरावा लागतो.

मुंबई उच्च न्यायालयाचा अलीकडचा इतिहास याचिकेच्या बाजूने बोलतो. ज्येष्ठ पत्रकार निखिल वागळे आणि ‘द लीफलेट’ हे वृत्त-संकेतस्थळ यांच्या याचिकांवर ऑगस्ट २०२१ मध्ये न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान नियमांतील, डिजिटल माध्यमांवर आचारसंहितेचे बंधन लादणाऱ्या नियमाच्या महत्त्वाच्या भागाला स्थगिती दिली. याच नियमांच्या एप्रिल २०२३ च्या दुरुस्तीने केंद्र सरकारच्या कामकाजाविषयीचा मजकूर खोटा आहे का, हे सरकारच्याच तथ्य-तपासणी कक्षाने ठरवायची सोय केली. त्याविरुद्ध विनोदकार कुणाल कामरा आणि इतरांच्या याचिकांवर आधी दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला, मग तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मताने सप्टेंबर २०२४ मध्ये ती दुरुस्ती रद्द झाली. याला सतरा महिने लागले. इतका काळ आपली संस्था टिकेल का, याचा हिशेब आधी करावा. शिवाय न्यायालयात प्रत्येक वेळी यश मिळतेच असे नाही. जून २०२३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने खाती व मजकूर अडवण्याच्या सरकारी आदेशांविरुद्धची ट्विटरची याचिका फेटाळताना कंपनीला ५० लाखांचा दंड केला होता.

इंटरनेट बंदीच्या आदेशाबाबत मात्र याचिकेपूर्वी एक सोपी पायरी आहे. काश्मीरमधील इंटरनेट बंदीविषयीच्या अनुराधा भसीन खटल्यात १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे आदेश प्रसिद्ध करणे बंधनकारक ठरवले. त्यामुळे आपल्या जिल्ह्यात इंटरनेट बंद झाले, तर आधी लेखी अर्ज देऊन आदेशाची प्रत मागावी. काश्मीरमध्ये त्या निकालानंतरही ४जी सेवा परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडला, म्हणजे आदेश हाती असूनही उत्तर लगेच मिळतेच असे नाही. पण प्रत हाती नसेल, तर न्यायालयात मांडायलाच काही उरत नाही.

सर्वांत अवघड प्रकार माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अ चा, ज्याखाली सरकार इंटरनेटवरील मजकूर अडवण्याचे आदेश देते. २००९ च्या नियमांनुसार या कलमाखालील मजकूरबंदीची कार्यवाही गुप्त ठेवली जाते, त्यामुळे हरकत घ्यायला मसुदा नसतो आणि मोर्चा नेमका कशाविरुद्ध काढायचा हेही कळत नाही. इथे ज्याचा मजकूर अडवला, त्यानेच पुढे येणे भाग असते आणि संस्थेचे काम त्याच्यासाठी वकील आणि निधी उभा करणे एवढेच राहते. हुंड्याची खिल्ली उडवणारे एक उपरोधिक संकेतस्थळ २०१८ मध्ये असेच अडवले गेले होते. त्याच्या निर्मात्याला बंदीच्या आदेशाची प्रत आणि आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी, असे दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये सांगितले. आपले संकेतस्थळ कोणत्या कारणासाठी बंद झाले हे अधिकृतपणे विचारण्याचा हक्क मिळवण्यातच त्याची जवळपास चार वर्षे गेली होती.